ग्रासकटर: पट्ट्याला उत्तम, रानात नको

पावसाळा सरत आला की देवरुखच्या बाजारात दुकानांबाहेर ग्रासकटर ओळीने उभे दिसतात. आंबा-काजूवाले ते बेणणीसाठी, म्हणजे झाडांखालचं गवत-झुडूप कापायला नेतात. मी नेलं जंगलासाठी. घेण्याआधी मोबाईलवर पाहिलेल्या सगळ्या व्हिडिओंत माणूस सपाट लॉनवर किंवा बागेत मशीन फिरवत होता. खासगी रान राखणाऱ्याने हे घ्यावं का, याचं उत्तर कुणी दिलं नव्हतं. तीन हंगाम वापरून झाल्यावर ते मीच लिहायला बसलेय.

मशीन चार-स्ट्रोक, ३५ सीसीचं, पाठीवर घ्यायचं. नोव्हेंबर २०२२ मध्ये २४,५०० रुपयांना घेतलं. सोबत तीन पात्यांचं पातं, करवतीसारखं गोल पातं, नायलॉन दोरीचं डोकं, चष्मा आणि नट आवळायचे दोन पाने आले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला सांगायचंय ते या जातीच्या सगळ्याच मशीनना लागू आहे.

आधी रान कसलं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. संगमेश्वर तालुक्यात, सड्याखालच्या (सडा म्हणजे कातळाचा सपाट माळ) उतारावर, सातबाऱ्यावर ४ हेक्टर ४० आर. नावं चार. त्यातली गावात राहणारी मी एकटी, तीही वर्षातले आठ महिने. २०२१ मध्ये बँकेतून निवृत्त झाले आणि डोंबिवलीच्या फ्लॅटला कुलूप लावून आले. झाडं म्हणाल तर ऐन, किंजळ, कुंभा, जांभूळ, चार-दोन शिवणी, आणि पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) कडेला तीन जुने बेहडे. बेहडे सोडले तर सगळं खुंटाचं रान. दर आठ-दहा वर्षांनी ठेकेदाराला उक्तं द्यायचं, त्याने सरसकट तोडून ट्रक भरून घाटावर न्यायचं, मग खुंटांना फुटवे येऊन रान परत उभं राहायचं. सासऱ्यांच्या आधीपासून हेच चालत आलंय. शेवटची तोड २०१३ ची. म्हणजे मी आले तेव्हा पुढची पाळी दारात उभी होती. आमच्या चुलत दिरांनी ठेकेदाराला आणून रान दाखवूनही झालं होतं. मी म्हटलं, "भावोजी, माझ्या वाट्याचं राहू दे." ते म्हणाले, "वहिनी, राखाल, पण जळालं तर काय करणार?"

प्रश्न बरोबर होता. आमच्या वरच्या अंगाला सडा आहे. पावसाळ्यात हिरवागार, डिसेंबरात कमरेएवढं वाळकं गवत, आणि शिमग्याच्या आगेमागे कुणीतरी काडी लावतंच. म्हणून सड्याच्या बाजूने सुमारे सातशे मीटर लांब आणि दहा फूट रुंद पट्टा साफ करून ठेवावा लागतो. वनखातं त्याला जाळरेषा म्हणतं, आम्ही नुसतं 'पट्टा मारणं' म्हणतो. मशीन घेतलं ते त्यासाठी.

आणि त्या कामाला मशीनला तोड नाही. कोयती-विळ्याने हाच पट्टा मारायला तीन माणसांना तीन दिवस लागायचे. आमच्याकडे मजुरी ६०० धरली तरी ५,४०० रुपये झाले, वर दोन वेळचा चहा. मशीनने दोन दिवसांत काम उरकतं आणि सहा लिटरच्या आत पेट्रोल लागतं. चार-स्ट्रोक असल्यामुळे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळत बसावं लागत नाही, इंजिनात वेगळं घालायचं. धूरही कमी. दोन-स्ट्रोकवाल्याच्या मागे अर्धा तास उभं राहून बघा, फरक नाकाला कळेल. पाठीवर दहा-अकरा किलो वजन येतं. मी चौपन्न वर्षांची असताना घेतलं आणि सलग पाऊण तासाच्या वर कधी चालवू शकले नाही. खाली ठेवल्यावर बोटांना मुंग्या येतात, चहाचा कप धरवत नाही. म्हणून आता मी थोडंसं करते, बाकीचं वाडीतला एक मुलगा करतो.

एक गुण कुठल्याही माहितीपत्रकात नाही, तो फुरशाचा. सड्यावर दगडाच्या आडोशाला फुरसं असायचंच. विळ्याने गवत कापताना डावा हात नेमका तिथे जातो. मशीनची दांडी पाच-साडेपाच फुटांची, हात वर, पाय मागे. पहिल्याच हंगामात पात्यापुढून एक वीतभर फुरसं अंगाच्या गुंडाळ्या घासत, करकर आवाज करत बाजूला सरकलं. मशीनच्या आवाजात मला करकर ऐकू आली नाही, नुसती दिसली. एवढ्या एका कारणासाठी मी मशीनला एक तारा जास्त देते.

आता ठिणग्यांचं. आमचा दगड जांभा. लोखंडी पातं जांभ्यावर आदळलं की ठिणगी उडते. संध्याकाळी उशिरा काम केलंत तर स्वच्छ दिसते. वणवा अडवायला पट्टा मारायचा आणि आपणच वाळक्या गवतात ठिणगी टाकायची, असला प्रकार. त्यावर आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. पट्टा नोव्हेंबरच्या शेवटी मारायचा, गवत पिवळं पडायला लागलं असेल पण बुडाशी ओलं असेल तेव्हा. आणि सड्यावर पातं लावायचंच नाही, नायलॉन दोरी लावायची. पेट्रोल भरताना मशीन उघड्या कातळावर ठेवायचं आणि दहा मिनिटं थंड होऊ द्यायचं. सायलेन्सर इतका तापतो की वाळक्या गवतात टेकवायची हिंमत होत नाही. सोबत वीस लिटरचा पाण्याचा कॅन असतो. मुलगा त्याला 'काकूंचा बंब' म्हणतो.

पट्टा कामाला आला का? आला. २०२४ च्या फेब्रुवारीत रात्री साडेनऊला वरून आग आली. वाडीतली सातआठ माणसं जांभळीचे हिरवे डहाळे घेऊन धावली. ऐन-किंजळ तेव्हा निष्पर्ण असतात, आग झोडपायला जांभूळच लागतं. पट्ट्याशी येऊन आग बसली. फक्त एका जागी आत शिरली, साधारण वीस पावलं. सकाळी बघितलं तर तिथे पट्ट्यावर किंजळीची पानं पडून वाळलेली होती. नोव्हेंबरात मारलेला पट्टा फेब्रुवारीपर्यंत झाडंच पानांनी भरून टाकतात, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तेव्हापासून जानेवारीअखेर एकदा आणि शिमग्याच्या आधी एकदा दाताळ्याने पानं ओढून आतल्या बाजूला टाकतो. पानं उडवायचं ब्लोअर मिळतं, मेळघाट-ताडोब्यात वनखात्याची माणसं आग रोखायला ते वापरतात. पण सातशे मीटरसाठी अजून एक इंजिन सांभाळायची माझी तयारी नाही. दाताळं दीडशे रुपयांचं आहे आणि त्याला कार्बोरेटर नाही.

इथवर वाचून कुणी मशीन घ्यायला निघाला असेल तर त्याने थोडं थांबावं.

पहिल्या हंगामात पट्टा दीड दिवसात झाला. मशीन हातात, मुलगा रोजावर, आणि अर्धा दिवस शिल्लक. मी म्हटलं, आता आतलंही साफ करून घेऊ. आत रानमोडीची झुडपं माजली होती, करवंदीच्या जाळ्या होत्या, चालायला वाट नव्हती. पुढे अर्ध्याचे चार दिवस झाले. तीन एकर असं चकाचक झालं की पुण्याहून आलेले भाचे म्हणाले, "मामी, पार्क केलाय तुम्ही!" मी फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले. चौदा अंगठे आले.

वाडीतल्या एक काकी आमच्याकडे बेणणीला येतात. सत्तरीच्या असतील. त्या आल्या, कमरेच्या आकडीतून कोयतीही न काढता उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "वयनी, म्हाताऱ्यांना ठेवलाव नि पोरांना कापलाव."

मला काही समजेना. मग त्या खाली बसल्या आणि गवताच्या कापलेल्या बुडख्यांतून एक काडी दाखवली. पेन्सिलीपेक्षा बारीक, जमिनीपासून दोन इंचांवर तिरकी छाटलेली. शेजारी तिचं पान पडलं होतं. पान उलटं केलं आणि देठाशी, मधल्या शिरेच्या बुडाला, दोन बारीक गाठी दाखवल्या. ऐनाच्या पानाची ही खूण. तो खुंटाचा फुटवा नव्हता, बियांतून उगवलेलं रोप होतं, तीन-चार पावसाळे गवतात लपून काढलेलं. काकींनी बसल्या जागी हात फिरवून अशा अकरा काड्या मोजल्या. माझ्या घरच्या चटईएवढ्या जागेत अकरा.

या मशीनबद्दल मला मुख्य सांगायचंय ते हेच. खुंटाच्या रानाची मेख अशी की खुंटही म्हातारे होतात. दर तोडीनंतर फुटवा येतो, पण चार-पाच तोडी झाल्या की काही खुंट आतून पोकळ होतात, काही फुटतच नाहीत. त्यांची जागा घ्यायला खालून रोपं यावी लागतात. माझ्या सासऱ्यांच्या पिढीत कोयतीने बेणणी करणारा माणूस गवत मुठीत धरायचा आणि मुठीत झाडाची काडी आली तर हाताला कळायचं. मग ती सोडायचा. मशीनला मूठ नाही. त्याला सगळं एका उंचीचं गवत दिसतं. आणि चालवणाऱ्याने चष्मा घातलेला, कानात बोळे, पाच फूट लांब उभा. त्याला तरी काय दिसणार?

दुसऱ्या हंगामात मी हुशारी केली. जुन्या लाल परकराच्या चिंध्या फाडल्या, काकींना घेऊन फिरले आणि दिसेल त्या रोपाला चिंधी बांधली. पोराला सांगितलं, लाल दिसलं की थांब. पातं काढून दोरी लावली, म्हटलं दोरीने काय होतंय. पहिला दिवस गेला चिंध्या सोडवण्यात. वाऱ्याने चिंधीचं टोक खाली लोंबलं की दोरी ती खेचून घेते, डोक्याभोवती गुंडाळते आणि मशीन बंद. उरलेली रोपं वाचली म्हणून मी खुशीत होते. शिमग्याला बघते तर त्यातली कितीतरी उभ्याउभ्या वाळलेली. खाली वाकून पाहिलं तेव्हा घोट्याच्या उंचीवर भोवतालच्या सालीचं कडंच गायब, आतलं पांढरं लाकूड उघडं. दोरी गवताला मारताना शेजारच्या रोपालाही चाटून जाते. एका बाजूची साल गेली तर रोप जगतं, गोल फिरून गेली की मेलं. पानांत तयार झालेलं अन्न सालीतूनच मुळांकडे जातं, वाटच कापली तर मुळं उपाशी. पात्याने कापलेल्या रोपाला निदान बुडातून परत फुटायची आशा असते. माझ्या हिशेबी रानात दोरी पात्यापेक्षा वाईट. शिवाय ती झिजते म्हणजे काय होतं? नायलॉनचे तुकडे रानात पडतात. एका हंगामात अर्धं रीळ माझ्या सड्यावर विखुरलंय आणि ते काही कुजणार नाही.

रानमोडीचं वेगळं सांगते, कारण निम्मे लोक मशीन तिच्यासाठीच घेतात. मशीन तिला मारत नाही. वरून कापली की बुडातून चार फुटवे येतात, पुढच्या वर्षी झुडूप दुप्पट. तिला फुलं येतात थंडीत, मग बी म्हाताऱ्या उडाव्यात तसं वाऱ्यावर उडतं. त्यामुळे जानेवारीत कापणारा बी पसरायला हातभार लावतो. आम्ही आता सप्टेंबर-ऑक्टोबरात, माती भुसभुशीत असतानाच, लहान झुडपं हाताने उपटतो आणि मोठ्यांना पहार लावतो. जिथे फारच माजलीय तिथे मात्र फुलं यायच्या आधी एकदा मशीनचं गोल पातं मारून घेतो, म्हणजे आत शिरता तरी येतं. रानमोडी वाळली की रॉकेल ओतल्यासारखी पेटते, म्हणून कापलेलीचा ढीग पट्ट्याजवळ कधीच नाही.

तिसऱ्या हंगामापासून नियम असा: पट्टा, पायवाट आणि रानमोडीचं एक टापू एवढं मशीनचं. झाडाखाली काकींची कोयती. काकी आणि त्यांची सून मिळून आठ दिवस घेतात. त्याच फेरीत खुंटाच्या फुटव्यांची विरळणीही होते. एका खुंटावर आठ-दहा फुटवे असतात, त्यातले जोमदार दोन ठेवायचे, बाकी काढायचे. निघालेल्या काठ्या वर्षभर दोन घरांच्या चुलीला पुरतात, आणि ठेवलेले दोन जोमाने जाड व्हायला लागलेत. मोठं झाड तोडायचं तर महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते आणि माल हलवायला वाहतूक पास. ते मी अजून केलेलं नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही. ज्यांच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांत १९७५ च्या खासगी वन संपादन कायद्याचा शेरा आहे त्यांनी मात्र मशीन घेण्याआधी वकील गाठावा.

आवाजाबद्दल कुणी लिहीत नाही. पऱ्ह्यावरच्या मधल्या बेहड्याला वर ढोली आहे आणि तिथे गरुड येतात. आमच्याकडे गरुड म्हणजे मोठा धनेश, पिवळ्या चोचीवर शिंगासारखा टोप असलेला. जानेवारी-फेब्रुवारीत मादी ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते, नर फटीतून फळं भरवतो. दुसऱ्या हंगामात त्याच सुमारास पोराने ऐंशी पावलांवर मशीन सुरू केलं. नर चोचीत फळं घेऊन पलीकडच्या झाडावर बसला तो मशीन बंद होईपर्यंत हललाच नाही. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण चहाची वेळ टळून गेली होती. आता जानेवारीपासून पऱ्ह्याच्या अंगाला मशीन नेत नाही. हे बेहडे भावोजींच्या हिशेबात दोन ट्रक लाकूड आहेत. संगमेश्वर भागात पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन जंगलमालकांशी करार करून रानं राखते, आणि बेहडा-हिरड्याच्या फळांना फेअरवाइल्ड (रान न ओरबाडता माल गोळा केल्याचं) प्रमाणपत्र मिळवून देण्याचं कामही त्यांनी केलंय, हे मी भावोजींना सांगितल्यावर ते पहिल्यांदाच म्हणाले, "फळं किती निघतील?" हा त्यांचा प्रश्न मला फार आवडला.

विक्रीनंतरच्या सेवेबद्दल. जिथून घेतलं त्या दुकानदाराने घेताना चहा पाजला आणि "वर्षभर फ्री सर्व्हिस, मॅडम" सांगितलं. दुसऱ्या हंगामात स्टार्टरची दोरी तुटली तर पार्ट यायला बावीस दिवस. डिसेंबरातले बावीस दिवस! दोरी शेवटी वाडीतल्या बाइकच्या मेकॅनिकने साध्या नायलॉनच्या दोरीने बसवून दिली, चाळीस रुपयांत, ती अजून चालतेय. कार्बोरेटर चोंदला तो मात्र माझ्या चुकीने. पावसाळ्यात टाकीत पेट्रोल तसंच राहिलं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि कोकणातल्या जुलैत हवेत दुसरं असतं काय? मे महिन्यात टाकी रिकामी करा आणि बंद पडेपर्यंत इंजिन चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. सोबत आलेला चष्मा टाकून द्या, घामाने पाच मिनिटांत धुकं येतं. जाळीचा चेहरापट्टा घ्या आणि नडगीला काहीतरी बांधा. मी क्रिकेटचे पॅड बांधते. लोक हसतात. माझ्या डाव्या नडगीवर जांभ्याच्या खड्याची खूण आहे, ती दाखवली की थांबतात.

पैशाचं गणित उघडच सांगते. मशीनवाला मशीनसकट भाड्याने बोलावला तर दिवसाला १,५०० आणि पेट्रोल आपलं. माझ्या पट्ट्याचे दोन दिवस म्हणजे साधारण ३,६०० रुपये. म्हणजे पट्ट्यापुरतं बघितलं तर २४,५०० चं मशीन विकत घेणं मूर्खपणा आहे. तरी घेतलं, कारण नोव्हेंबरअखेर सगळ्या तालुक्याला तोच मशीनवाला हवा असतो आणि तो माझ्याकडे यायचा जानेवारीत, म्हणजे गवत कडकडीत झाल्यावर. दहा-बारा एकराच्या आतल्या मालकांनी चौघांत मिळून एक घ्यावं. आमचं आता तसंच झालंय, न ठरवता. गेल्या हंगामात भावोजी त्यांच्या हद्दीचा पट्टा मारायला मशीन घेऊन गेले. परत आणलं तेव्हा टाकी भरलेली होती.

पट्ट्यासाठी पाचपैकी साडेचार, रानासाठी एक. तोही फुरशाचा.

आणि मशीन सुरू होत नसेल तर आधी चोक बघा. मी दोनदा डोक्यावर घेऊन मेकॅनिककडे गेले, दोन्ही वेळा चोक ओढलेला होता. दुसऱ्या वेळी त्याने पैसेही घेतले नाहीत, नुसतं माझ्या पॅडकडे बघत राहिला.